टिचकीबहाद्दर

आपण पिकलो आहोत हे माणसांना कळवायची काही ना काही सोय बहुतेक फळांनी करून ठेवलेली असते. हापूस वासाने घरभर वर्दी देतो. केळं पिवळं पडतं, सीताफळाचे डोळे उघडतात, पेरूवर पोपट बसतो. फणसाची बातमी तर आळीच्या पार पलीकडच्या टोकाला जाते आणि तिकडची मंडळी बरोबर वेळेवर ‘सहज’ येतात. कलिंगड मात्र तोंड उघडत नाही. कच्चं असताना हिरवं, पिकल्यावर हिरवं, आणि नासायला लागलं तरी बरेच दिवस हिरवंच. सुरी घातल्याशिवाय आतली खबर लागत नाही आणि सुरी घातल्यावर ती लागून उपयोग नसतो.

जिथे खात्री देता येत नाही तिथे मतं फोफावतात. कलिंगडाबद्दल मत नसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

फेब्रुवारी लागला की मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला कलिंगडांचे ढीग दिसू लागतात. भात कापून झालं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर आणि विहिरीच्या पाण्यावर, कोकणात कलिंगड लावतात. त्याचाच हा माल. एक गाडी थांबते, एक गृहस्थ उतरतात. चष्मा कपाळावर सरकवतात, एक कलिंगड उचलून कानाशी धरतात आणि मधल्या बोटाने टिचकी मारतात. डोळे मिटतात, मान हलवतात, खाली ठेवतात. दुसरं. तिसरं. मग पुन्हा पहिलं, कारण मधल्या काळात त्याचं मत बदललं असेल. गाडीत पोरंबाळं उन्हाने शिजत असतात. विकणारी बाई पदराने वारा घेत दुसरीकडे बघत असते. सगळा माल त्याच सकाळी एकाच शेतातून आलेला आहे हे तिला माहीत असतं. मी एकदा अशा एका गृहस्थांना विचारलं, “नेमका कसला आवाज यायला हवा?”

“तो यावा लागतो,” ते म्हणाले.

“म्हणजे कसा?”

“आला की कळतो.”

हे रस्त्याच्या कडेला चाललेलं असतं तोवर करमणूक आहे. कलिंगड घरच्या परसात लावलं की हेच गृहस्थ रोज आपल्या फाटकातून आत येतात.

आमच्याकडे कलिंगड लावायची कल्पना नवऱ्याची. रत्नागिरीत ज्यांच्या घराला आवार आहे त्यांच्यापुढे निवृत्तीनंतर दोन वाटा असतात, हापूसची कलमं किंवा नाट्यसंगीत. नवऱ्याला सूर नाही आणि कलमांवरच्या फवारणीचा वास सोसत नाही, तेव्हा त्याने ही तिसरी वाट काढली. अडचण एवढीच की आमचं आवार म्हणजे जांभा दगड आणि त्यावर वीतभर माती. कलिंगडाला भुसभुशीत, पाणी तुंबू न देणारी, रेताड जमीन लागते. विदर्भात वैनगंगेच्या पात्रात ढिवर-भोई कुटुंबं पाणी ओसरलं की वाळूत खड्डे करून, त्यात खत घालून डांगरवाड्या करत आली. तिथे नदी आपण होऊन जमीन तयार करून देते. आम्हाला ती टेम्पोने आणावी लागली.

लाल माती आली, शेणखत आलं, वाळू आली. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पायरीवर बसून खेपा मोजल्या आणि विचारलं, “अरे, ह्या पैशात बाजारची किती आली असती?” हा प्रश्न त्यांनी पुढे प्रत्येक टप्प्यावर विचारला. उत्तर कुणी दिलं नाही, पण आकडा वाढत चाललाय हे सगळ्यांना समजत होतं.

बियाण्याच्या दुकानात संकरित वाणांची चकचकीत पाकिटं होती. नवऱ्याने जुनं ‘शुगर बेबी’ घेतलं. हे वाण १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमाहून आलं आणि आपल्याकडे असं रुळलं की त्याच्या नावातलं इंग्रजीही आता कुणाला जाणवत नाही. फळ लहान, गोल, गडद हिरवं. चार माणसांच्या कुटुंबाला आणि दीडदाराच्या फ्रीजला झेपेल असं. शिवाय संकरित नसल्यामुळे त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. “पुढच्या वर्षी?” आई म्हणाल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, पण हातातली जपाची माळ तीन मणी पुढे गेली.

डिसेंबरात बी टाकलं. कोंब वर आले, त्यावर तांबडे भुंगेरे आले, पानांची चाळण झाली. नवरा इंटरनेटवर औषध शोधत बसला आणि आईंनी सकाळच्या दवात चुलीतली राख भुरभुरली. भुंगेरे कमी झाले. श्रेय कुणाचं यावर अजून एकमत नाही.

वेल मग पळत सुटला. तीन-चार मीटर जाणं हा त्याचा स्वभावच आहे. एक फांदी कुंपणाखालून शेजारच्या तात्यांच्या हद्दीत शिरली. तात्या कोर्टात नोकरीला होते. त्यांनी लगेच प्रश्न उपस्थित केला की मूळ तुमच्याकडे आणि फळ आमच्याकडे धरलं, तर मालकी कुणाची. नवरा म्हणाला, “तात्या, अजून फूलही नाही.” तात्या म्हणाले, “वाद उद्भवण्यापूर्वी मिटवलेला बरा.” त्या दिवसापासून ते रोज सकाळी वादाची प्रगती बघायला येऊ लागले.

फुलं आली तेव्हा घरात आनंद झाला. ती सगळी गळून पडली तेव्हा दुःख झालं. कलिंगडात नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. नर फुलं आठ-दहा दिवस आधी येतात, उमलतात, गळतात; फळ धरण्याशी त्यांचा एवढ्यात संबंध नसतो. नवऱ्याने हे समजावून सांगितल्यावर आई म्हणाल्या, “म्हणजे लग्नघरासारखंच. पुरुष आधी येऊन खुर्च्या अडवतात, बायका कामं आटपून नंतर येतात.” इतकं नेमकं स्पष्टीकरण मी वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकातही वाचलेलं नाही.

मादी फूल ओळखायला सोपं. पाकळ्यांच्या मागे सुपारीएवढं लवदार कलिंगड आधीच तयार असतं. ते राहणार की पिवळं पडून गळणार हे पराग पोचण्यावर ठरतं, आणि फूल उघडं असतं एकच दिवस. तेही सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतं. एका मधमाशीची एक फेरी पुरत नाही. फेऱ्या कमी पडल्या तर फळ वाकडंतिकडं होतं. आमच्याकडे सातेरी माश्या येत, पण समोरच्या आंब्याला मोहोर आला आणि त्या तिकडे वळल्या. तेव्हा नवऱ्याने काम स्वतःकडे घेतलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादी फुलाच्या तीन भागांच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचं. आई आतून विचारायच्या, “मुहूर्त कितीचा?” तो म्हणायचा, “नऊच्या आत.” मग त्या देवासमोरच्या अक्षता घेऊन बाहेर यायच्या आणि दोन दाणे टाकायच्या. तात्या हजर असायचेच. कॉलनीत सकाळी कामाला जाणारी माणसं फाटकापाशी क्षणभर थांबून, आत चाललंय ते बघून, काही न बोलता पुढे जात.

फळं धरली. एका वेलावर दोनच ठेवावीत, बाकीची लहानपणीच काढावीत, म्हणजे राहिलेल्यांना पोषण नीट मिळतं, असं सगळे जाणकार सांगतात. सरकारने ‘हम दो हमारे दो’ सांगितलं तेव्हा आईंना चार झालेली होती. त्यांनी या धोरणाला तेव्हाही विरोध केला होता आणि आताही केला. शेवटी दोन ठेवायची ठरली. एक वाफ्यात, जमिनीवर गवताच्या बिछान्यावर. दुसरं मांडवावर चढलेल्या फांदीला, माणसाच्या हाताला सहज लागणार नाही इतकं उंच. कलिंगडाचा देठ वजन पेलत नाही असं नाही, पण धोका नको म्हणून लोंबत्या फळाला झोळी बांधतात. माझी एक जुनी इंदुरी साडी त्यासाठी गेली. ती जुनी आहे हे नवऱ्याने ठरवलं होतं.

मग फळमाशी. ही बाई कोवळ्या फळाला डंख करून आत अंडी घालते, आणि बाहेरून साधासा टोचल्याचा डाग दिसतो तेव्हा आत अळ्यांची वसाहत झालेली असते. तिच्यासाठी गंधाचे सापळे मिळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आंबेवाल्यांना ठाऊकच आहे. काकडी, कारली, कलिंगड यांच्या माशीला त्यात वेगळा गंध घालतात. बरणीत दुसऱ्याच दिवशी माश्यांचा खच पडला. नवरा तो सगळ्यांना दाखवत होता तेव्हा कळलं की या वासाला भुलून मरतात ते फक्त नर. माद्या बाहेर असतात. आईंनी बरणी हातात घेतली, प्रकाशात धरली आणि काही न बोलता परत दिली.

वांदरांचं मी फारसं सांगत नाही. रत्नागिरीकरांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही.

हे सगळं सोपं होतं. खरा प्रश्न मार्चमध्ये आला. काढायचं कधी?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कलिंगड वेलावरच पिकतं. एकदा तोडलं की त्याची गोडी वाढत नाही. हे रत्नागिरीत कुणालाच पटत नाही. आमच्याकडे फळ म्हणजे ते, जे हिरवं काढतात, पेंढ्यात अढी घालतात आणि रोज एकदा वास घेऊन बघतात. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी “काढा आणि पेंढ्यात ठेवा” असा सल्ला दिला. एका मामींनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. साडेतीन किलोचं कलिंगड मावेल एवढा तांदळाचा डबा त्यांच्याकडे असावा.

पक्वतेच्या खुणा तशा सर्वांना ठाऊक असतात. फूल उमलल्यापासून साधारण ३० ते ४० दिवस मोजावेत. नवऱ्याने मोजायला सुरुवात केली होती. तारखेला कालनिर्णयवर फुलीही मारली होती. पण त्याच कालनिर्णयवर मी दुधाच्या खाड्यांना फुल्या मारते. कुठली फुली फुलाच्या लग्नाची आणि कुठली दूधवाला न आल्याची, हे मार्चपर्यंत दोघांनाही सांगता येईना.

दुसरी खूण पोटाची. फळ जमिनीला टेकतं तिथला डाग आधी पांढरट असतो, पिकताना साईसारखा पिवळसर होतो. वाफ्यातल्या कलिंगडाला हा डाग होता. पण बघायला येणारा प्रत्येक जण ते उलटून पोट बघायचा आणि जाताना आपल्याला सोयीचं पडेल तसं ठेवायचा. आठवडाभरात त्याचं पोट कुठलं आणि पाठ कुठली यावरच दोन तट पडले. झोळीतल्याला तर जमिनीशी संबंधच नसल्यामुळे डाग नव्हता. तात्या म्हणाले, “पुरावाच नाही.”

तिसरी खूण आवाजाची, आणि इथे सगळी गल्ली तज्ज्ञ. पुस्तिकांत लिहिलेलं असतं की कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं बदबद. तात्यांच्या मते उलटं; टणटण म्हणजे रसाने भरलेलं आणि बदबद म्हणजे आत पोकळी. समोरचे निवृत्त तबलजी म्हणाले, “दोन्ही नाही, घुमारा पाहिजे.” त्यांनी वाफ्याशेजारी मांडी घातली, कलिंगड मांडीत घेतलं आणि बराच वेळ वाजवलं. चार लोक जमले. एकजण दाद देऊन गेला. निकाल विचारल्यावर ते म्हणाले, “अजून चढायला हवं.”

रोज सकाळ-संध्याकाळ टिचक्या पडू लागल्या. पेपर टाकणारा मुलगा, गॅसवाला, इन्शुरन्सचा हप्ता न्यायला येणारे साहेब, सगळ्यांनी हात चालवला. नवऱ्याने कुणाला अडवलं नाही. त्याला सार्वमत हवं होतं. तळव्यांत धरून दाबलं की आत करकर वाजतं तेही करून झालं. करकर ऐकू आली, पण ती दाबणाऱ्याच्या मनगटाची निघाली.

मतांबरोबर माहितीही येत होती. लांबट कलिंगड नर आणि गोल मादी. मादी गोड, नर पाणचट. (फुलांना लिंग असतं, फळांना नसतं, हे नवऱ्याने पहिल्या तिघांना समजावलं आणि चौथ्यापासून सोडून दिलं.) शेजारच्या कुंपणावर कारलं आहे, त्याचे पराग उडून कलिंगड कडू होणार, हे एका काकूंनी गंभीरपणे बजावलं. कारल्याचा आणि कलिंगडाचा संकर होत नाही. झाला असता तरी परागांचा परिणाम पुढच्या पिढीच्या बियांत दिसला असता, या फळाच्या गरात नाही. पण काकूंनी त्यानंतर कारल्याकडे बोट दाखवून तात्यांशी बोलणंच टाकलं, आणि तात्यांना शेवटी एक खराखुरा वाद मिळाला. इंजेक्शनने लाल रंग भरतात तो व्हिडिओ दर उन्हाळ्यासारखा याही वर्षी सर्व ग्रुपवर आला. नवऱ्याने तो दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी जरा आशेने.

जपानात कलिंगडातून प्रकाश सोडून आतली साखर मोजणारी यंत्रं आहेत म्हणे, असं कुणीतरी म्हणालं. आहेत. पण ती पॅकिंग करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत, आमच्या परसात नव्हेत. नवऱ्याने रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र मागवायचं ठरवलं होतं. त्यावर रसाचा एक थेंब टाकला की किती ब्रिक्स साखर ते दिसतं. दहाच्या वर गेलं की कलिंगड चांगलं. पण रसाचा थेंब आणायचा तर आधी कलिंगड कापायला हवं, हे आईंनी दाखवून दिल्यावर ती खरेदी स्थगित झाली. जपानी लोक शेवटी शहाणेच. त्यांच्या झेन्त्सुजी नावाच्या गावात काचेच्या साच्यात चौकोनी कलिंगडं वाढवतात. ती शोभेसाठी, कच्चीच काढतात, खायची नसतातच. पिकलं की नाही हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१३ मध्ये एकाने १५९ किलोचं कलिंगड पिकवून विश्वविक्रम केला. त्यालाही टिचकी मारणारा कुणी भेटला असेलच, फक्त त्याला हातोडी लागली असेल. फार काय, तुतनखामेनच्या थडग्यात कलिंगडाच्या बिया सापडल्या आहेत. तीन हजारांहून अधिक वर्षं आणि तरी बाहेरून ओळखायची कला काही पुढे सरकलेली नाही.

शेवटी चौथी खूण कामी आली. फळाच्या देठापाशी वेलाला एक कुरळी बाळी असते, ती सुकून तपकिरी झाली की फळ तयार. शेतकरी सर्वात जास्त भरवसा हिच्यावर ठेवतात. एका सकाळी तात्या ओरडले, “सुकली!” सगळे धावले. वाफ्यातल्या कलिंगडाची बाळी खरोखर सुकून तपकिरी झाली होती. पुरावा मिळाला, सार्वमत झालं, तबलजींनीही “चढलं” म्हणून मान डोलावली. रविवारी संध्याकाळी पाटावर कलिंगड ठेवून आईंनी हळदकुंकू लावलं आणि नवऱ्याने सुरी घातली.

आत फिक्कट गुलाबी होतं. काही ठिकाणी तेवढंही नव्हतं. बिया पांढऱ्या.

एक क्षण कुणी बोललं नाही आणि मग सगळे एकदम बोलले. प्रत्येकाने आधीच सांगितलं होतं. तात्यांनी सांगितलं होतं, तबलजींनी सांगितलं होतं, काकू कारल्याकडे बघत होत्या. पेंढावाल्यांनी अजूनही पेंढ्याचा आग्रह सोडला नव्हता, कापल्यावरही. आईंनी फोडी उचलून आत नेल्या, पांढरा गर किसला, तांदळाच्या पिठात आलं-मिरची घालून कलिंगडाचे पोळे घातले. ते फार सुरेख झाले. कच्चं कलिंगड असेल तर हाच त्याचा खरा उपयोग, आणि पिकलेल्याच्या सालीचाही. लाल भाग खाऊन साल फेकून देणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं.

दुसऱ्या दिवशी मासेवाली मामी आली. तिच्या भावाची शेती आहे, भातानंतर तो कलिंगड करतो. टोपली उतरवून तिने कापलेल्या कलिंगडाचा वेल नुसता बघितला. हात लावला नाही. “वयनी, ह्याची बाळी सुकली नव्हती. मोडली होती,” ती म्हणाली. “सारखी उलटापालट केलीत ना? मोडली की सुकणारच.”

टिचकीसाठी उचल, पोटासाठी उलट, असं महिनाभर करून आमच्या तज्ज्ञांनी एकच खरी खूण मोडून टाकली होती आणि मग तिच्याच पुराव्यावर निकाल दिला होता. मामी मांडवाखाली गेली, मान वर करून झोळीतल्याकडे पाहिलं. ते उंच असल्यामुळे त्याला कुणाचा हात लागला नव्हता. तात्यांना उंचीची भीती वाटते आणि तबलजींना मांडी घातल्याशिवाय वाजवता येत नाही. “त्याची हिरवी हाय अजून. सुकली की दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. त्याआधी पाणी तोडा, नायतर फुटंल.” पावकिलो बांगड्यांत एवढा सल्ला मिळाला. नवऱ्याने पाणी कमी केलं, फाटकाला कुलूप लावलं आणि गल्लीत सांगितलं की औषध मारलंय, आत येऊ नका. बाळी सुकली. सकाळी उन्हं चढायच्या आत देठ कापून साडीची झोळी उतरवली.

हे लाल होतं. अगदी मधोमध, गाभ्याला, खडीसाखरेची गोडी. काळ्याभोर बिया. त्यावर तात्या म्हणाले, “मी म्हणालोच होतो, झोळीतलं चांगलं निघणार.” आम्ही त्यांना दोन फोडी जास्त दिल्या. मालकीचा दावा त्यांनी मागे घेतला.

आईंनी नातवंडांना बसवून सांगितलं, “बी चावायचं नाही. वाटीत टाकायचं.” मला मनोहर पर्रीकर सांगत ती त्यांच्या पर्रा गावची गोष्ट आठवली. गोव्यातलं हे गाव कलिंगडांसाठी नावाजलेलं. तिथला एक शेतकरी हंगामाअखेर मुलांना बोलावून हवी तेवढी कलिंगडं फुकट खायला घालायचा, अट एकच, बी न चावता भांड्यात टाकायचं. मुलांपुढे तो सर्वात मोठी, सर्वात गोड फळं ठेवायचा, कारण पुढच्या वर्षीचं बियाणं त्यातून निघायचं. पुढे त्याच्या मुलाने कारभार हाती घेतला. मोठी फळं बाजारात विकायची आणि मुलांना लहान द्यायची हे त्याला हिशेबाचं वाटलं. कलिंगडाची पिढी वर्षाची. थोड्याच वर्षांत पर्ऱ्याच्या कलिंगडाचं मोठेपण ओसरलं. ही गोष्ट मी सांगितल्यावर नवऱ्याने दुसरी फोड नातवाला दिली आणि पहिली स्वतः घेतली. आईंनी त्याच्या हातातली काढून घेतली.

बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळवून बरणीत ठेवल्या आहेत. कॉलनीत दुसरं कुणी कलिंगड लावलेलं नव्हतं, त्यामुळे बी शुद्ध आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी दिवाळीनंतर डबी घेऊन यावं, पैसे पडणार नाहीत. माती मात्र आपापली आणावी. टेम्पोवाल्याचा नंबर आणि एकूण खर्चाचा आकडा आईंकडे आहे.